कोकिळाला दिलेला दाखला

१२ ऑगस्ट, मंगळवार

दवाखान्याला कुलूप! अख्ख्या बोरी गावाला माझ्या आधी कळलं. मुंबईहून डॉक्टरांच्या कौन्सिलचं पत्र आलं – माझ्या नातीचं, ऋतिकाचं, नाव तीन महिने यादीतून बाहेर. मग ती डॉक्टर आहे का नाही? विचारलं तर म्हणली, "आजी, डिग्री आहे, पण पेशंट तपासायचे नाहीत." म्हैस दावणीला, पण धार काढायची नाही – असला कारभार!

रद्द नाही, निलंबित आहे म्हणे. मला फरक कळेना. कुलूप तेच.

१३ ऑगस्ट

कारण लिहून ठेवते, डोक्यात राहायचं नाही.

गेल्या दसऱ्याला शेजारच्या कोकिळाला ऋतिकानं दाखला दिला – आजारी आहे, सहा महिने जड काम नको. नवरा-बायको ऊसतोडीला गेले नाहीत. मुकादम वैजीनाथच्या टोळीत एक जोडी कमी पडली. त्यानं कोकिळाचा हळदीत नाचतानाचा फोटो मिळवला आणि अर्ज ठोकला – दाखला खोटा!

आता खरं ते वहीलाच सांगते. ऋतिकाला मीच म्हणलं होतं, "पोरगी वाळून काटकी झाली, दे की एक कागद. तुझ्या बापाचं काय जातं?" ती म्हणली, "उद्या दवाखान्यात पाठव." दुसऱ्या दिवशी कागद मिळाला. मी खूश. येडी कुठली!

१८ ऑगस्ट, सोमवार

परभणीला दिनकरराव वकिलाकडं गेलो. बोलतो लय, कळतं थोडं. दोन वाटा आहेत म्हणे. एक – दिल्लीच्या बोर्डाकडं अपील, साठ दिवसांच्या आत. दुसरी – संभाजीनगरला हायकोर्ट. पण तिथं जज आधी विचारणार, अपील का केलं नाही? मग दोन वाटा कशाला सांगितल्या! आणि अपील घातलं म्हणून लगेच कुलूप निघत नाही. स्थगिती म्हणून असती, ती वेगळी मागायची.

"तोवर एक गोळीसुद्धा द्यायची नाही, मॅडम. प्रकरण वाढेल."

मग म्हणला, "कोकिळाच्या तपासणीचे कागद द्या. बंद पाकिटात देऊ."

ऋतिका म्हणली, "तिच्या परवानगीशिवाय नाही."

"मग घ्या की परवानगी!"

"दोनदा विचारलं. नको म्हणते."

वकिलानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. मी खाली बघितलं. कसले कागद? असते तर दाखवले नसते का? माझ्यासाठी खोटं लिहिलं पोरीनं, आणि आता मला झाकायली.

१९ ऑगस्ट

बायनाबाई तापानं फणफणत दारात. "दे गं एक गोळी, कोण बघायलंय?" ऋतिकानं तिला जिंतूरला धाडलं. जाता जाता मला टोमणा – "नात लय मोठी झाली तुमची!" म्हणलं, "मोठी न्हाई, बंद झाली."

२१ ऑगस्ट

ऋतिका धड जेवत नाही. कोकिळाला हौदावर गाठलं. "का गं, तुझ्यापायी माझी नात घरात बसली. तुला काय त्याचं?" नवरा तिथंच उभा. तिनं त्याच्याकडं बघितलं, डोळ्याला पदर लावला, घागर तिथंच टाकून घरात पळाली. खोट्याला रडू लवकर येतं.

२५ ऑगस्ट, सोमवार

केलं एकदाचं! एकटीच जिंतूरला गेले. तहसीलीपुढं टायपिंगवाल्याकडून प्रतिज्ञापत्र करून घेतलं – आजारी नसलेल्या बाईला दाखला द्यायला नातीला मीच भाग पाडलं, शिक्षा मला द्या. खाली सही केली. अंगठा नाही, सही! चौथी शिकलेय.

टायपिंगवाला म्हणला, "आजी, वकिलाला दाखवलं का?"

"त्याला दोनच वाटा ठाव्या हायत. ही तिसरी."

रजिस्टर पोस्टानं मुंबईला कौन्सिलकडं धाडलं. घरात कुणाला बोलले नाही. लय दिवसांनी दोन भाकरी गेल्या.

२६ ऑगस्ट

पाऊस. कंबर धरली. मन हलकं.

२९ ऑगस्ट

सकाळी कोकिळा नवऱ्याला घेऊन आली. ऋतिकाला म्हणली, "ताई, द्या माझे कागद वकिलाला. मला फेफरं येतं, ते काल ह्यांना सांगून टाकलं. फडात कोयता हातात असताना आलं असतं तर?" नवरा खाली मान घालून म्हणला, "आधी सांगितलं असतं तर मी काय खाल्लं असतं का हिला?"

ऋतिकानं कपाटातून जाड पाकीट काढलं. दसऱ्याची तारीख, तपासणी, डोक्याला तारा लावून काढलेली पट्टी – सगळं होतं. दाखला खरा होता.

"आजी, आता बघ, सुटले मी!" किती दिवसांनी हसली पोरगी.

माझं प्रतिज्ञापत्र एव्हाना मुंबईत पोचलं असेल.