गाळणीचं कापड

सौ. कुसाबाईस,

इथल्या महादेवापुढे रोज तुम्हा सगळ्यांचं नाव घेऊन कामावर जातो. तब्येत बरी आहे.

दिवाळीत मी जाड पांढरं कापड आणलं होतं, आठवतं ना? कारखान्यात युरेनियमचा दगड दळून तेजाबात भिजवतात आणि तो चिखल त्या कापडातून गाळतात. जुनं टाकून देतात, म्हणून मी धुऊन आणलं.

काल साहेब म्हणाले, "कापड घरी नेलं असेल तर परत आणा."

मी विचारलं, "काही अपाय असतो का?"

"छे हो! नियम आहे."

टाकलेल्या चिंधीला कसला नियम? आणि जमा झालेली कापडं त्यांनी चिमट्याने उचलायला लावली.

तू त्यावर कुरडया वाळवल्यास का? वाळवल्या असतील तर कुणी खाऊ नका. आपल्या तेजूला दिवस गेलेत, तिच्या सासरी कळवणला कुरडयांचा डबा मुळीच पाठवू नकोस. पाठवला असेल तर तो परत आणायला महेशला आजच धाड. कापड पोत्यात बांधून गोठ्यामागे ठेव आणि हात चांगले धू.

वांगी लागली का? उगाच घाबरू नकोस. माझा संशय खोटाही असेल.

देव्हाऱ्यातही त्याचाच तुकडा अंथरलाय. देवांना आंघोळ घालून तुझ्या जुन्या लुगड्यावर बसव. त्यांची माफी मी इथून मागतो.

सर्वांना आशीर्वाद.
गेणू