समीक्षाची टाच कशानं दुखावली

प्रिय सर,

तुम्ही देवाघरी जाऊन तीन महिने झाले. उद्या क्लास पुन्हा सुरू होतोय, नव्या मॅडम येणार आहेत. तिथं सगळ्या पालकांसमोर मला काहीतरी बोलायचं आहे. त्याआधी तुम्हाला सांगायला हवं, म्हणून हे पत्र.

तुमच्यावर माझा पहिल्या दिवसापासून संशय होता. एमआयडीसीत पहिली पाळी करून आलेला माणूस बिरवाडीच्या पोरींना चाकांवरचं फिगर स्केटिंग कशाला शिकवेल? त्यात दोन वर्षं नुसतं वाकणं, वळणं आणि नीट पडणं. दर महिन्याला तुम्ही भिंतीशी उभं करून पेन्सिलीनं उंचीची खूण करायचात. मग कुठं उड्या सुरू झाल्या, तर माझी समीक्षा भराभर वाढली आणि तुम्ही तिच्या उड्याच बंद केल्यात. तिच्याबरोबरच्या आर्याच्या मात्र चालू. तिचे बाबा तुमच्याच कंपनीत. पाणी कुठं मुरतंय, हे मला लगेच कळलं, असं मला वाटलं.

"वैनी, पोर वाढतेय. हाडं बसू द्या आधी. उडी कुठं पळून जात नाय," तुम्ही म्हणालात. मला ती सबब वाटली.

मग मी काय केलं, सर? मोबाईलवर व्हिडिओ लावून रोज सकाळी आमच्या गच्चीवर, सिमेंटच्या कोब्यावर तिच्याकडून उड्या मारून घेतल्या. सरांना बोलायचं नाही, अशी तंबीही दिली. महिन्याभरात तिची टाच सुजली. डॉक्टरांनी स्केट्स बंद करायला सांगितले. आणि मी क्लासच्या हॉलमध्ये येऊन सगळ्यांदेखत तुम्हालाच धारेवर धरलं.

"चूक माझी हाय, वैनी," तुम्ही मान खाली घालून म्हणालात. "बरी झाली की पाठवा तिला."

त्याच आठवड्यात दोन मुली क्लास सोडून गेल्या. मला तेव्हाही शंका आली, इतक्या सहज कबूल करतोय, म्हणजे याच्या मनात काय आहे? चोर मी, आणि संशय तुमच्यावर. लाज वाटते.

काल धीर करून समीक्षाला म्हटलं, "सरांना खरं सांगायला हवं होतं गो."

ती बुटांच्या नाड्या ओवत होती. म्हणाली, "मी सांगितलं होतं. टाच दुखली त्याच दिवशी. सर म्हणाले, मला कळलंय हे आईला कळू देऊ नको, नायतर लाजेनं ती तुला परत पाठवायची नाय."

म्हणजे तुम्हाला सगळं ठाऊक होतं.

स्वभावाला औषध नाही, नव्या मॅडमवरही मी संशय घेईनच. पण उद्या हॉलमध्ये उभी राहून खरं सांगेन. सोडून गेलेल्या दोघींच्या घरीही जाईन. या वेळी मान मी खाली घालेन, सर.

तुमची अपराधी,
समीक्षाची आई
बिरवाडी