अठ्ठावीस इंचांचं दार

मी, खाली सही करणारा, वय वर्षे शहात्तर, धंदा सुतारकाम, आज हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टरांनी दिला आहे, आणि ज्यांना तो पुरेसा वाटत नाही त्यांनी माझ्याशी लाकडाच्या भावावरून घासाघीस करून पाहावी. कोणाच्या दडपणाखाली मी हे लिहीत नाही. दडपण आणण्याचा प्रयत्न दोन ठिकाणांहून झाला, त्याचा उल्लेख पुढे येईल. याआधी लिहिलेलं मृत्युपत्र रद्द समजावं.

माझी पत्नी सहा वर्षांपूर्वी वारली. वारस दोन: थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी. धाकटीचे हातपाय जन्मापासून तिचं ऐकत नाहीत, आणि एक वाक्य बोलायला तिला आपल्या तिप्पट वेळ लागतो. डोकं मात्र आम्हा सगळ्यांपेक्षा तेज. ती वाचनालयात पुस्तकांची सूची करते, आणि दुसऱ्याच्या चुका काढण्यात थेट आईवर गेली आहे.

कलम एक. राहतं घर माझ्या कष्टाचं आहे, त्यात कोणा चुलत्या-पुतण्याचा हक्क नाही. वरचा मजला थोरल्याला, खालचा धाकटीला. थोरल्याने मागच्या महिन्यात मला एका निवासी संस्थेचं माहितीपत्रक दाखवलं. "बाबा, बाग किती छान आहे बघा. ताईसारखी बरीच मंडळी तिथे राहतात." (ती त्याच्याहून लहान आहे, पण लहानपणापासून तो तिला ताईच म्हणतो, कारण ती त्याला दमात घेते.) बाग खरोखरच छान आहे. निवृत्त झाल्यावर त्याने तिथे अवश्य राहायला जावं. धाकटी स्वतःच्या घरी राहील. थोरल्या, मी रागावलेलो नाही. तुला काळजी वाटते हे मला कळतं. काळजी वाटली की जिना उतरून खाली येत जा.

कलम दोन. माझी सगळी हत्यारं माझ्याकडे बावीस वर्षं राबलेल्या कारागिराला द्यावीत. पटाशा त्याने कोणालाही उसन्या देऊ नयेत. सख्ख्या भावालाही नाही.

कलम तीन. माळ्यावर एक जुनी दाराची चौकट आहे. ती शाळेच्या निवृत्त हेडसरांना द्यावी. ते आमच्याच गल्लीत राहतात, नेण्याचा त्रास नाही. ही चौकट का, हे इथे लिहून ठेवणं भाग आहे, कारण हेडसर विचारणार नाहीत आणि मला ते सांगायचं आहे.

धाकटी पाच वर्षांची झाली तेव्हा शाळेने तिला व्हरांड्याच्या टोकाच्या वेगळ्या खोलीत घातलं. तिथे पाच मुलं होती. एकाला ऐकू येत नव्हतं, एकीला दिसत नव्हतं, एकाचं मन कशात लागत नव्हतं. जमत नाही ते सगळं एका खोलीत, असा हिशोब. मी मात्र खूश होतो. लेकीसाठी खुर्ची केली: उंच पाठ, पायांना फळी, पुढे लिहायचा तक्ता, आणि कलंडू नये म्हणून खाली ऐसपैस बूड. लाकूड सुटंसुटं नेलं आणि खुर्ची त्या खोलीतच जुळवली. रुंदी चौतीस इंच. पोरीची मापं घेतली, खिडकीचा उजेड पाहिला. दाराचं माप घ्यायचं राहिलं. ते अठ्ठावीस इंच होतं.

तीन वर्षं कोणाच्याच लक्षात आलं नाही, कारण तिला रोज तिची आई कडेवरून आणायची आणि न्यायची. खुर्चीला बाहेर जायचं कामच पडलं नाही. मग शेजारच्या वर्गाच्या गणिताच्या सरांनी तिची वही पाहिली आणि म्हणाले, "ही पोर इथे काय करतेय? उद्यापासून माझ्याकडे." दुसऱ्या दिवशी खुर्ची दारात अडकली. आडवी करून पाहिली, तिरकी करून पाहिली. हेडसर कमरेवर हात ठेवून उभे होते. म्हणाले, "बघा मिस्त्री, तिची जागा इथेच आहे."

मी म्हणालो, एका दिवसात खुर्ची कापून देतो. ते म्हणाले, घाई नको, बाकीच्या मुलांचा अभ्यास मागे पडेल, पुढच्या वर्षी पाहू. अशी तीन वर्षं गेली. इंचाच्या आठव्या हिश्श्यावरून गिऱ्हाइकाशी भांडणारा मी गप्प बसलो, कारण त्याच वर्षी शाळेच्या सगळ्या बाकांचं काम मला मिळालं होतं. याची लाज मला आजही वाटते.

अकरा वर्षांची असताना एकदा जेवताना तिने विचारलं, "बाबा, खुर्ची मोठी आहे की दार लहान?" त्याच रविवारी शिपायाकडून किल्ली घेतली, चौकट उखडली, गवंड्याकडून दोन्ही बाजूंची भिंत फोडून घेतली. परवानगी कोणाची घेतली नाही. सोमवारी धाकटी गणिताच्या वर्गात पहिल्या रांगेत होती. हेडसरांनी आकांडतांडव केलं. वर्गाचा अभ्यास काही मागे पडला नाही. त्या वर्गातली एक मुलगी आज माझी वकील आहे, आणि हे कलम वाचताना ती खो खो हसली. चौकट साफ आहे, वाळवी नाही. हेडसरांनी ती कुठेही बसवावी.

कलम चार. शाळेच्या कुंपणाला लागून असलेलं माझं वर्कशॉप, जागेसकट. शाळेच्या समितीने पत्र पाठवलं आहे: जागा दान द्या, तिथे अपंग मुलांसाठी 'स्वतंत्र वर्ग' बांधू, तुमच्या पत्नीचं नाव देऊ. वर्गाला दार मागच्या गल्लीतून असेल, म्हणजे 'त्या मुलांना गर्दीचा त्रास नको'. गर्दीचा की गर्दीला, ते पत्रात नाही. पत्नीचं नाव पुढे करून मला विरघळवायला निघाले होते. म्हणून मी लिहिलं होतं: जागा धाकटीला, आणि तिथे वेगळा वर्ग कधीही, कोणत्याही कारणाने होऊ नये, झाल्यास तिचा जागेवरचा हक्क रद्द.

मसुदा धाकटीने वाचला. दोन दिवस तो स्वतःकडेच ठेवला. मग म्हणाली, "बाबा, त्या खोलीतल्या बाईंनी मला बोलायला शिकवलं. रोज एक तास, एक एक अक्षर. गणिताच्या वर्गात पोरं माझी नक्कल करायची तेव्हा मीच म्हणाले होते, तो तास मला परत द्या."

"मग त्या हेडसरांचं बरोबर होतं म्हणतेस?"

"नाही. मला ती खोली हवी होती. तिथून रोज बाहेरही पडायचं होतं."

मी म्हणालो, समितीतले लोक तुला गुंडाळून ठेवतील, म्हणूनच अट घातली. ती म्हणाली, "त्या खोलीत मला टाकताना तुम्ही सगळ्यांनी माझ्यासाठी ठरवलं. आता बाहेर राहायचंही तुम्हीच ठरवताय. सभेला मी जाईन. मला बोलायला वेळ लागतो, त्यांना थांबावं लागेल."

माझं मत पक्कं आहे: ज्याला जेवढा वेगळा तास हवा तेवढा द्यावा, आणि दिवस सगळ्यांचा एकच असावा. हे मत मी बदलणार नाही. पण मेल्यावरही माझंच चालावं हा हट्ट माझा आहे, आणि तो तिच्या अंगावर टाकायचा नाही. जागा धाकटीला, बिनशर्त. तिथे काय व्हावं, दार कुठून काढावं, हे ती ठरवेल. मृत्युपत्राची व्यवस्थापकही तीच. थोरल्याने तिला गाडीतून सभेला न्यावं आणि तोंड बंद ठेवून बसावं.

खाडाखोडीबाबत: कलम चारमधली अटीची ओळ मी माझ्या हाताने खोडली आहे आणि बाजूला सही केली आहे. आयुष्यात पहिल्यांदा लेकीला विचारून काहीतरी केलं. फार उशीर झाला, पण केलं.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मला मान्य आहे.

सही: लिहून ठेवणार, सुतार

साक्षीदार एक: डॉक्टर, ज्यांनी दाखला दिला
साक्षीदार दोन: गणिताचे सर, वय एक्याऐंशी, काठी टेकत स्वतः आले

व्यवस्थापक म्हणून जबाबदारी मान्य: धाकटी. तिच्यापुढे डॉक्टरांनी अंगठ्यासाठी शाईचा पॅड सरकवला होता. तिने तो बाजूला केला आणि पेन मागितलं. सहीला चार मिनिटं लागली. आम्ही सगळे थांबलो.

ठिकाण: वर्कशॉप, मधल्या बाकावर
दिनांक: १४ मार्च, सकाळी अकरा