आईच्या लुगड्याला कमी पडलेला तुकडा

इलेबो बंदर,
१२ मे १९७४

ती. मुसेपूताईस,
मिंगाचा सा. न. वि. वि.

आईच्या लुगड्याला कमी पडणारा तुकडा सोबत धाडलाय. त्याला काय पडलं ते ऐक : धाग्यासाठी राफिया ताडाची अकरा कोवळी पानं, दोन बोटांना चिरा आणि नऊ दिवस बंद दुकान. तेवढ्यात माझी गिऱ्हाइकं समोरच्या मीठवाल्याकडे वळली. हातभर कापडाला एवढं!

वीस वर्षांनी मागावर बसलो. बायको विचारून गेली, माग कण्हतोय की माणूस. पण मामांनी कान पिळून शिकवलेलं हात विसरले नव्हते. दुकानदाराच्या हातून आता धागा बसायचा नाही, असं तूच म्हणायचीस ना? हा तुकडा दर्शनी लाव. आईला शेवटचं सजवाल तेव्हा सगळ्या मुशेंगे गावानं आधी माझं विणकाम पाहिलं पाहिजे.

‘अपुऱ्या लुगड्यात मेले तर तिकडे गेलेली माझी आई मला ओळखायची नाही,’ म्हणून आई रडते, हे तू लिहिलंस आणि मी दुकानाला कुलूप लावलं. लवकर जोड. ट्रकवाल्याकडे खारे मासेही दिलेत.

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.
तुझा मिंगा


मुशेंगे,
३ जून १९७४

चि. मिंगास अ. उ. आ.

तुकडा पोचला, मासेही. तुकडा मऊ व्हावा म्हणून उखळात कुटला, तर चार भोकं पडली. कुटताना भोकं पडतातच, पण तुझी वीण सैलच आहे रे! धाकटी मावशी म्हणाली, मासे याच जाळ्यात धरले का. मग भोकांवर ठिगळं लावली, ठिगळांवर मी नक्षी भरली, लाल रंगवून जोडून टाकला.

परवा आईला दोघींनी धरून उभं केलं नि नेसवलं. वेढ्यावर वेढे घेऊनही पदर उरला. म्हणाली, आता खुशाल तिकडचं बोलावणं येऊ दे, माझी आई मला लांबूनच ओळखेल. तेव्हापासून दोन घास जास्त जेवते.

विणायचं ते आपल्यात पुरुषांनीच, आणि मामा गेल्यावर घरात विणणारा पुरुष उरला नव्हता, आणि परक्याच्या हातचं कापड ती अंगाला लावू देत नव्हती. तू दुकान बंद ठेवलंस म्हणून ती आता शांत झोपते. तुझे हे उपकार मी बोलून दाखवायची नाही, म्हणून लिहिते.

सूनबाईला आशीर्वाद. बोटांना तेल लाव.
तुझी मुसेपूताई

ता. क. दर्शनी लावायचं म्हणत होतास. जागा आईनंच ठरवली. तुझा तुकडा सगळ्यात आतल्या वेढ्यात, तिच्या अंगाला लागून आहे. नेसल्यावर तो कुणालाच दिसत नाही.