एसी बंद, सगळे गप्प

माबेला, मस्कत
शुक्रवार, दुपार

प्रिय बाबा,

तीन आठवड्यांपूर्वी आईचा गावाहून फोन आला. गुडघे, विहिरीचा पंप, शेजारच्यांनी पुढे सरकवलेलं कुंपण, असं नेहमीचं सगळं बोलून झालं. ठेवता ठेवता म्हणाली, "सुमे, यांचा आवाज आहे का गं तुझ्याकडे कुठे? तोंडवळा रोज फोटोत दिसतो. पण आवाज आठवायला गेले की येतच नाही. अडीच वर्षांत असा कसा गेला?"

मी "बघते हं" म्हटलं आणि फोन ठेवला. तेव्हापासून तुम्हाला लिहायचं होतं. पण लिहिणार काय? माझ्याकडे तुमचा आवाज नाही, बाबा. आणि तो का नाही, हे आपल्या तिघांनाच ठाऊक आहे.

आधी माझ्या लग्नाची सीडी लावली. त्यात तुम्ही चांगले दहा-बारा वेळा दिसता. फेटा सारखा करताय, कुणाला तरी पंगतीत बसवताय, हात जोडताय. ओठ हलतात. पण त्या शूटिंगवाल्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत सनई आणि सिनेमातली गाणी चढवलीयेत! एक शब्द ऐकू येईल तर शपथ. मी टीव्हीला नाक लागेल इतकी जवळ जाऊन बसले. जावई तुमचे म्हणाले, "अगं, जवळ गेल्याने काय ऐकू येणार आहे?" बरोबरच होतं त्यांचं.

मग उरल्या कॅसेटी.

आठवतं ना? तुम्ही इथे एकटे होतात तेव्हा पत्र लिहायचा तुम्हाला भारी कंटाळा. "रंधा मारून बोटं आखडतात," म्हणायचात. म्हणून टेपरेकॉर्डरसमोर बसून बोलायचात आणि आपल्याकडचं कुणी सुट्टीवर निघालं की त्याच्या बॅगेत ती कॅसेट. आम्ही ओटीवर बसून ऐकायचो. मधेच तुम्ही मला प्रश्न विचारायचात आणि उत्तरासाठी थोडं थांबायचात, आणि मी खरंच उत्तर द्यायची! अशा चौदा कॅसेटी झाल्या. प्रत्येकीच्या वरच्या कडेचे प्लास्टिकचे दोन बारके तुकडे तुम्ही मोडून पाठवायचात, चुकून कुणी त्यावर दुसरं काही टेप करू नये म्हणून. इतकी काळजी घेतली होतीत तुम्ही.

फॅमिली व्हिसा झाला आणि आम्ही रुवीच्या फ्लॅटमध्ये आलो, तेव्हा आईने लोणच्याच्या बरणीसोबत त्या चौदाही कॅसेटी आणल्या. त्या ठेवल्या गेल्या कपाटावर. आता तुम्हीच समोर होतात. त्या ऐकणार कोण?

आणि मग तुमच्या कामावर तो पाओलो आला. तुम्ही त्याला पावलोशेठ म्हणायचात. एका मोठ्या हॉलच्या भिंतींना आतून लाकूड लावायचं काम होतं आणि तो इटलीहून आलेला त्या कामावरचा मोठा साहेब. एक दिवस तुम्ही त्याचं जाडजूड पुस्तक उराशी धरून घरी आलात. हात धुवून, पुसून मगच पानं उलटलीत. त्यात मिलानचं, नेपल्सचं, व्हेनिसचं, अशी इटलीतली दोन-दोनशे वर्षांची जुनी नाटकघरं. घोड्याच्या नालेसारखे वळवलेले सज्जे, एकावर एक पाच मजले, आणि सोन्याच्या मुलाम्याखाली सगळं लाकूड.

"हे बघ," तुम्ही आईला म्हणालात, "इथे गाणारा माइक घेतच नाही. पावलो बोलतो, ऐसा लकडी हो तो माइक हराम! लाकूडच आवाज उचलतं आणि पार वरच्या माणसापर्यंत नेतं."

"गातात काय पण?" आईने विचारलं.

"आपलं संगीत नाटकच की गं! फक्त मधे बोलत नाहीत. भांडणसुद्धा गाऊन."

"मग बरंय. आपल्याकडे निदान भांडण तरी लवकर आटपतं."

तुम्ही किती हसला होतात! गावच्या उत्सवात नाटकाचा मंच बांधता बांधता तुम्ही गाणं ऐकायला शिकलात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटायचं, साहेबाला खूश करायला चाललंय हे सगळं. माफ करा हं.

पावलोशेठकडे गाण्यांच्या कॅसेटी होत्या. त्या नाटकघरांतल्या, आणि उन्हाळ्यात व्हेरोनाच्या जुन्या दगडी आखाड्यात उघड्या आभाळाखाली जो महोत्सव भरतो, तिथल्यासुद्धा. तिथे अंधार पडायला लागला की हजारो लोक हातात एकेक मेणबत्ती लावून बसतात, हे तुम्ही मला निदान पन्नास वेळा सांगितलंत. तो गुरुवारी कॅसेट द्यायचा आणि शनिवारी परत मागायचा. म्हणजे मधला शुक्रवार आपला.

आपला कसला? तुमचा! शेजारच्यांचा टेपरेकॉर्डर मागून आणायचा, आपल्या टेपरेकॉर्डरसमोर ठेवायचा, दोघांची तोंडं जुळवायची. एकाने गायचं, दुसऱ्याने ऐकून उतरवून घ्यायचं. आणि एसीची घरघर टेपमध्ये येते म्हणून एसी बंद! मस्कतचा उन्हाळा, दुपारचे दोन, खिडक्या लावलेल्या, आणि आम्ही दोघी घामाने निथळत गप्प बसलेल्या. तुम्ही मात्र फळीला कान लावावा तसे दोन्ही पेट्यांच्या मधे वाकलेले.

त्याच एका शुक्रवारी तुमच्याकडे कोरी कॅसेट नव्हती. जुम्म्याच्या नमाजाला दुकानं बंद. तुम्ही घरभर शोधलंत आणि चिडलात. मीच कपाटावरून त्या चौदा खाली काढल्या. मीच, बाबा! म्हटलं, "या आहेत की." तुम्ही एक हातात घेऊन पाहिलीत आणि म्हणालात, "यात काय, माझीच बडबड आहे. पुसली तरी चालेल."

आणि आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "टाका पुसून. आता माणूसच घरात आहे."

आईला हे आठवत असेल का? मी विचारलं नाही. विचारणारही नाही.

मोडलेल्या तुकड्यांच्या जागी चिकटपट्टी लावली की कॅसेट पुन्हा भरता येते. माझी बोटं बारीक म्हणून ते काम माझ्याकडे. दोन-तीन वर्षांत एकेक करत चौदाच्या चौदा कॅसेटींवर मी चिकटपट्टी लावली, आणि जीभ बाहेर काढून अगदी मन लावून लावली.

एकदा मी मुद्दाम खोकले होते. टीव्हीवर मला काहीतरी बघायचं होतं, तुम्ही टीव्ही लावू देत नव्हतात, आणि कुणी बाई एकटीच अगदी हळू गात होती. तेव्हा खोकले, दोनदा. तुम्ही नुसतं पाहिलंत माझ्याकडे. टेप चालू असल्यामुळे तुम्हाला ओरडताही येईना! मला तेव्हा जिंकल्यासारखं वाटलं.

शहाण्णवच्या जानेवारीत व्हेनिसचं नाटकघर जळालं, ते आपण टीव्हीवर पाहिलं. गावात चहूकडे पाणी, पण नेमके बाजूचे कालवे साफ करायला कोरडे पाडलेले. आगीपाशी पाणी पोहोचेना. तुम्ही जेवणाच्या ताटावरून उठलात. "सगळं लाकूड होतं गं," एवढंच म्हणालात. दुसऱ्या दिवशी साइटवर तुम्ही पावलोशेठला विचारलंत, "खलास?" तो म्हणाला, "नो खलास. अगेन मेक. सेम प्लेस, सेम सेम." हे मला सांगताना तुमचा आवाज भरून आला होता. बघा, आवाज भरून आला होता हे मला पक्कं आठवतंय. आवाज तेवढा आठवत नाही.

मग काम संपलं, पावलोशेठ परत गेला. जाताना म्हणाला होता, बांधून झालं की या, मी तिकीट काढून ठेवतो आतलं. तुम्ही "इन्शाल्ला" म्हणालात. त्यानंतरची प्रत्येक रजा कुणाच्या ना कुणाच्या कार्यात गेली. एक तर माझ्याच लग्नात. "लाकूड कुठे पळतंय? पुढच्या सुट्टीत बघू," हे ठरलेलं वाक्य. आपण इथली सगळीच माणसं पुढच्या सुट्टीवर जगतो. तुम्ही तरी वेगळं का वागला नाहीत, याचा मला अजून राग येतो.

तुमच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा मी इथून निघाले होते. माबेला ते रुवी, तुम्हाला माहीतच आहे. पुढे गाड्या, मागे गाड्या, आणि फोनवर आई: "कुठपर्यंत आलीस? आता कुठपर्यंत आलीस?" मी हॉर्न वाजवत बसले होते. त्याचा काय उपयोग होता, सांगा? पोहोचले तेव्हा तुमच्यावर चादर घातलेली होती. आईचा व्हिसा तुमच्या नोकरीवरच होता, म्हणून काही आठवड्यांत आईलाही गावी जावं लागलं, आणि ती बरणी आणि त्या कॅसेटी माझ्याकडे आल्या.

दोन महिन्यांनी तुमच्या नावाचं कार्ड आलं. समोर नव्या नाटकघराचा फोटो, मागे तीन शब्द. सेम सेम. कम. मी उत्तर पाठवलं नाही. काय लिहिणार होते?

तर हे तीन आठवडे मी गाडीत तुमच्या कॅसेटी ऐकतेय. जाताना एक बाजू, येताना दुसरी. वाटलं, कुठेतरी गाणं संपून जुनं बोलणं उरलं असेल. एखादं वाक्य, एखादं "सुमी, ऐकतेस ना?" पण तुम्ही कडा तासल्याशिवाय काम सोडणारे नव्हेत! गाणं संपलं तरी टेप तशीच चालू ठेवून शेवटपर्यंत पुसून काढलंत तुम्ही स्वतःला. सगळे आहेत त्या कॅसेटींवर. आईच्या बांगड्या आहेत. कुकरची शिट्टी आहे. समोरच्या मशिदीची बांग आहे. माझं खोकणं आहे, दोनदा, आणि किती मोठं! फक्त तुम्ही नाही. मागच्या सीटवरून तुमची नात विचारते, "मम्मा, व्हाय क्रायिंग?" मला वाटलं, गाणारीबद्दल विचारतेय. ती माझ्याबद्दल विचारत होती.

चौदावी कॅसेट आज सकाळी लावली. शुक्रवार, रस्ता मोकळा, मी घरापाशीच गाडी उभी करून बसले होते. गाणं संपलं. टाळ्या व्हायच्या आधी तुम्ही पावलोशेठची कॅसेट थांबवली असणार, कारण पुढे फक्त आपली खोली ऐकू आली. एसी बंद असलेली खोली. मग लांबून आई: "झालं का हो? लावू एसी?"

आणि तुम्ही म्हणालात, "श्श."

एवढंच. पुढे टेप संपेपर्यंत पुन्हा खोली.

गाणं संपलं होतं, बाबा! मग गप्प कशाला केलंत तिला? मी तशीच बसून राहिले आणि तुम्हीच कधीतरी सांगितलेलं आठवलं. गाणारा थांबला तरी चांगलं लाकूड क्षणभर गात राहतं, आणि तेवढा वेळ जो गप्प बसेल त्याचंच तिकीट वसूल. तुम्ही रुवीच्या त्या सिमेंटच्या खोलीत बसून ते ऐकत होतात का?

मी आईला फोन लावला आणि गाडीच्या स्पीकरपाशी धरला. आधी सांगून ठेवलं की फार नाहीये, अगदी थोडं आहे. ऐकवलं.

"एवढंच?" ती म्हणाली.

"एवढंच गं आई."

"शब्द एक नाही?"

"नाही."

मला वाटलं, आता रडेल, नाहीतर मला बोल लावेल. मला दोन्ही चाललं असतं. ती म्हणाली, "परत लाव." मी मागे नेऊन परत लावलं. मग परत. चौथ्यांदा तुमचं "श्श" झालं आणि पलीकडून अगदी हळू, तुम्हालाच उत्तर दिल्यासारखी आई म्हणाली, "बरं बाई. नाही लावत."

त्यानंतर टेप संपेपर्यंत आम्ही दोघी काही बोललो नाही.

बाबा, नाटकघर पुन्हा बांधता आलं, जिथे होतं तिथे, जसं होतं तसं. माझ्याकडे ना लाकूड आहे, ना नकाशा. तुमच्या एका श्वासाएवढी टेप आहे, आणि ती प्रत्येक वेळी लावली की थोडी झिजते. मी काय करू? न लावावी तर आई मागते.

पण एक शब्द देते. व्हेनिसला मी कधी तरी जाईन. कधी, कशी, मला आज माहीत नाही. "पुढच्या सुट्टीत" असं म्हणणार नाही. अगदी वरच्या मजल्यावर, छताखाली बसेन, जिथे तुमच्या म्हणण्याप्रमाणे लाकूड आवाज आणून पोहोचवतं. खोकणार नाही. आणि गाणं संपलं की टाळ्या वाजवायची घाई करणार नाही. तुम्ही सांगाल तोवर गप्प बसेन.

तुमची,
सुमी