डॅडचा सायलेन्सर

९ जून, रविवार

पैज लागली! दहा हॉर्सपॉवरची.

नवा सायलेन्सर बसवून माझ्या लाल गाडीची ताकद दहाने वाढली, तर डॅडने सगळ्यांसमोर कबूल करायचं की कंपनीचा सायलेन्सर म्हणजे गाडीच्या घशात कोंबलेला बोळा. नाही वाढली, तर ऑगस्टमधल्या वुडवर्ड क्रूझच्या, म्हणजे आमच्याकडच्या गाड्यांच्या जत्रेच्या, आत मी त्याचा जुना परत बसवायचा. वर तो सांगेल ते एक काम निमूटपणे करायचं.

‘त्याचा’ असं लिहिलं, ते उगाच नाही. तो खरंच त्याचा आहे. एकतीस वर्षं कंपनीच्या आवाज विभागात काढली त्याने. शाळेत बाकीच्या पोरांचे बाप गाड्या बनवायचे, माझा बाप गाड्यांचा आवाज बनवायचा — हे सांगितलं की पोरं खिदळायची. त्याच्या हातची शेवटची गाडी हीच. आणि मी तीच सेकंडहँड घेतली आणि पहिलं काय ठरवलं, तर त्याचं काम काढून टाकायचं. लाडकी लेक!

आज मागच्या दाराने आत गेले, तर पाठ करून भांडी घासत होता. हाक मारली — ढिम्म. परवा फोनवर सायलेन्सरचं बोलले होते ना, त्याचा राग. तेव्हाही नुसतं ‘हं, हं’ करून फोन ठेवून दिला होता. शेवटी पुढे जाऊन उभी राहिले, तेव्हा दचकून बघितलं. मग मात्र बोलला, आणि सगळा वेळ माझ्या तोंडाकडे टक लावून. जसं काही मी थाप मारणार आणि हा ती पकडणार.

"मोठा आवाज म्हणजे जास्त ताकद, हे तुला कुणी सांगितलं, बर्नी?"

"सगळे म्हणतात."

"सगळ्यांना सांग, ढेकर मोठी दिली म्हणून जेवण जास्त झालं असं होत नाही."

बटाट्याचं सारण भरलेले पिएरोगी त्यानेच केले होते. खाली करपले होते, पण मी बोलले नाही. आई गेल्यापासून रविवारी आम्ही दोघंच. पैज गमतीची आहे, ठीक आहे — पण ह्याच्यावरून खरंच अबोला धरला तर? मला दुसरं आहे कोण.

१२ जून, बुधवार

दवाखान्यातून लवकर सटकले. (दातांच्या डॉक्टरांचे फोन एक दिवस न उचलल्याने कुणाचे दात पडत नाहीत.) ओडेलकडे गेले. नाईन माइल रोडवर त्याचं सायलेन्सरचं दुकान आहे, शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायचा. गाडीची मागची चाकं रोलरवर चढवली, पट्ट्यांनी बांधली आणि जागच्या जागी पळवली. कंपनीच्या सायलेन्सरसकट आकडा आला ३७२.

म्हणजे मला ३८२ हवेत. ओडेल हसला. मला ते हसणं आवडलं नाही.

१५ जून, शनिवार

बसला! सुरू केली आणि ओडेलच्या भिंतीवरचं कॅलेंडर हललं. काय तो आवाज. पोटात गुदगुल्या. दुकानाला दोन फेऱ्या मारून आले आणि ओडेलला म्हटलं, दहा कसले, वीस वाढलेत, मला सीटवर कळतंय.

"बाई, मोजल्याशिवाय बोलू नकोस," तो म्हणाला. "आवाज वाढला की प्रत्येकाला गाडी उडायला लागल्यासारखी वाटते. मी नुसतं मागचं डबडं बदलून दिलं तरी लोक डोळ्यांत पाणी आणून मिठ्या मारतात."

"मग त्यांना खरं सांगत नाहीस?"

"मिठी मारणाऱ्या माणसाला काय सांगायचं?"

परत मोजायला नंबर लागणार जुलैत. क्रूझ जवळ आली की अर्धं मिशिगन त्याच्या दारात रांग लावतं.

जुना सायलेन्सर डॅडच्या तळघरात ठेवून आले. आईच्या जुन्या ब्लँकेटमध्ये गुंडाळला. डॅड घरात नव्हता, बरं झालं.

१६ जून, फादर्स डे

गाडी त्याच्या गल्लीच्या कोपऱ्यावर वळली, तोच दारात उभा! आजवर कधी दारात आला नाही. दर रविवारी मागून जाऊन हाका मारत बसते मी. म्हटलं, आज काही खरं नाही, भांडायला कंबर कसून आलाय.

पण भांडला नाही. पायऱ्या उतरून आला, मला इंजिन बंद करू दिलं नाही. गाडीच्या डिकीवर पंजा पसरून ठेवला, डोळे मिटले आणि मान हलवून मला रेस द्यायला सांगितलं. डॉक्टर रोग्याची छाती तपासतात तसं चाललं होतं त्याचं.

"अठराशे फेऱ्यांवर घुमतेय," म्हणाला. "हायवेवर डोकं उठेल तुझं."

हसत होता की दात विचकत होता, कळेना. शर्ट दिला त्याला. मापाचा निघाला. भांडण टळलं, हीच माझी भेट.

२० जून

हायवेवर तासभर घूंऽऽऽ. डोकं उठलं. त्याला सांगणार नाही म्हणजे नाही.

३० जून, रविवार

आजही दारात! आता दर रविवारचं झालंय हे.

शेजारच्या मिसेस शमून खजुराच्या बिस्किटांची ताटली घेऊन आल्या. बिस्किटं हातात आणि तक्रार तोंडात.

"बर्नाडेट, बाळा, तुझी गाडी आली की माझ्या कपाटातले ग्लास नाचतात. मी काही बोलत नाही. तरुणपणी माझ्या नवऱ्याची गाडीही अशीच होती." मग आवाज खाली आणला. "पण तुझ्या बापाचा माझ्यावर काही रागरुसवा आहे का गं? दोनदा बेल वाजवून परत गेले. आत दिवा होता, माणूस दिसत होता, दार काही उघडलं नाही."

मी डॅडला विचारलं. "बेल बिघडली असेल," म्हणाला आणि बिस्किटांकडे वळला. जाताना दाबून बघितली. खणखणीत वाजते! माणूसघाणा होत चाललाय की काय. आई असती तर तिने सरळ केला असता. मला जमत नाही. मी बोलायला लागले की तो टीव्ही बघतो, तोही आवाज बंद करून, खाली अक्षरं लावून. म्हणे समालोचक फार बडबडतात.

१३ जुलै, शनिवार

३७६.

चार. फक्त चार! ओडेलने तीनदा पळवली. ३७५, ३७६, ३७६. माझे वीस घोडे कुठे उधळले देव जाणे.

डॅडला मुद्दाम बोलावलं होतं. पैज ती पैज. गाडी रोलरवर चढली की त्या खोलीत उभं राहवत नाही, सगळ्यांनी कानांवर ते मोठे गोळे चढवलेले. हा एकटा तसाच उभा, पंजा गाडीच्या पत्र्यावर. मी खुणेने विचारलं, कान? त्याने हात उडवला. एवढ्या गदारोळात पलीकडून ओडेल काहीतरी ओरडला. मला ओठ हलताना दिसले, बस. पण डॅडने तिथल्या तिथे उत्तर दिलं — "नाही, अजून पाचशे वर ने!" एकतीस वर्षं उगाच नाही काढली. कान म्हणजे कान! मला तर अभिमानच वाटला, हरता हरता.

मला वाटलं, आता चिडवून जीव खाईल. तर नाही.

"चार," म्हणाला. "त्यातले दोन आजच्या हवेचे. हवा गार असली की सगळ्याच गाड्या जोरात असतात."

"म्हणजे दोन."

"मेहनत तुझी आहे, तीन धर."

"मग लोक बसवतात कशाला हे?"

"ताकद हवी असेल तर इंजिनपासून सगळं बदलावं लागतं. ते कोण करतंय? लोक आवाजासाठी बसवतात आणि ताकदीचं नाव सांगतात."

ओडेलने टाळी दिली त्याला. मी विचारलं, बरं, आवाज तरी सुधारला का? डॅड गाडीकडे बघत राहिला, उत्तर दिलंच नाही. वाईट वाटलं मला. त्याने जन्मभर जे केलं त्याच्यापुढे हे भसाडं यंत्र, आणि मी त्यालाच विचारतेय सुधारलं का. अक्कल गहाण टाकली होती मी.

तुझं ते एक काम कोणतं, विचारलं तर म्हणाला, "सांगेन सवडीने."

२८ जुलै, रविवार

दारात. हात हलवतो आता लांबूनच. मी पोचायच्या आत कॉफी ओतलेली असते. हा माणूस इतका प्रेमळ कधी झाला? सायलेन्सर परत जायची वेळ आली म्हणून खुशीत असणार.

३ ऑगस्ट, शनिवार

जुना सायलेन्सर परत बसला. ओडेल म्हणाला, "तुझ्यासारखं कुणी उलटं करून घेत नाही." नवा त्याच्याकडेच ठेवलाय, गिऱ्हाईक बघतो म्हणाला.

येताना मुद्दाम हायवेने आले. खरं लिहायचं तर — काय सुख आहे! सरळ चालवली की मांजरासारखी गप्प. पाय दाबला की खालून गुरगुर येते, नेमकी हवी तेवढी, आणि पाय उचलला की विरते. हे कुणीतरी बसून ऐकलंय. किती वर्षं गाडीत होते मी डॅडच्या शेजारी, आणि हा मधेच ‘शू’ म्हणायचा आणि कान द्यायचा. आज पहिल्यांदा कळलं काय ऐकत होता ते.

उद्या त्याला हे सगळं सांगायचं. नीट, थट्टा न करता. खूश होईल.

४ ऑगस्ट, रविवार

दारात नव्हता. हॉर्न दिला. बेल दाबली. मागून आत गेले, तर पाठ करून भांडी घासत होता. त्याच्या पाठीलाच सांगून टाकलं — हरले मी डॅड, तुझाच भारी आहे. ढिम्म. ओट्यावरचं मोठं झाकण माझ्या कोपराने खाली पडलं, घणघणत फरशीवर फिरत राहिलं. त्याची मानसुद्धा हलली नाही.

पुढे जाऊन उभी राहिले. माझा चेहरा बघितला आणि त्याला सगळं कळलं. नळ बंद केला.

"दीड वर्ष झालं," म्हणाला. "आवाजवाला बहिरा झाला, हे ओडेलला सांगू नकोस."

मी वाकून झाकण उचललं. त्याने ते माझ्या हातातून घेतलं, पुसलं, जागेवर ठेवलं.

"पैज मी जिंकलोय ना? मग माझं ते एक काम. तो भसाडा परत बसव. तू कोपऱ्यावर वळलीस की मला पायाखालच्या फरशीतून कळायचं."