घाण्याचा आवाज

आये, तुला जाऊन दहा वर्षं झाली आणि गेले तीन दिवस टीव्हीवर तुझं तोंड नुसतं हलतंय, आवाज नाही. जिती होतीस तेव्हा पलीकडच्या गल्लीत ऐकू जायचीस. येत्या रविवारी माझ्या धाकटीचं लग्न आहे, शनिवारी घाणा भरायचा. मुसळांना आंब्याचे डहाळे बांधून हळद कांडताना तू जी गाणी म्हणायचीस, ती आता घरात कुणाला येत नाहीत. मलाही येत नाहीत, हे तुला काय सांगायचं! कुंडलच्या घरात भाकरी थापता थापता तू म्हणायचीस, "शिक की गं भवाने, माझ्यामागं कोण म्हणंल?" आणि मी चूल फुंकत म्हणायचे, "तवाचं तवा बघू." आता ती वेळ आली. थोरलीच्या लग्नात तू घाणा म्हटलास त्याची व्हिडिओ कॅसेट होती; इतक्या वर्षांत परत कुणी लावून बघितली नव्हती, पण ती आहे म्हणून मी निर्धास्त होते. थोरली माहेरी येऊन वही उघडून बसलीय, तू म्हणशील तसं उतरून घ्यायला.

पोरगा सोनं-चांदी गाळायच्या, गलाईच्या धंद्यात कोइमतूरला असतो. लग्नाला येताना त्यानं तिकडून कॉम्प्युटर आणला, टीव्हीला जोडला, सांगलीला जाऊन कॅसेटीची सीडी करून आणली. चित्र लख्ख, तुझ्या नथीचे मोती मोजून घ्यावेत. आवाज तेवढा नाही.

"मोठा कर की रं आवाज."

"मोठाच हाय, आये."

"मग ही डबडी मुकी हाईत का?"

डबडी म्हणजे स्पीकर. ते त्यानं टेपला लावून बघितले, तर घर दणाणलं. सिनेमाची सीडी घातली, तीही मुकी. चार वेळा कॉम्प्युटर बंद करून चालू केला. शेवटी म्हणाला, "साऊंड कार्ड गेलं वाटतं." मी म्हटलं, "परवा आणलास आन् आज गेलं? नवी सून हाय व्हय रुसून जायला?" तिसऱ्या दिवशी टेबलामागं शिरला आणि तिथनंच ओरडला, "स्पीकरची पिन माइकच्या भोकात कुणी घातली?" मीच घातली. नव्या कॉम्प्युटरच्या पूजेला तो डबा पूर्वेकडं तोंड करून पाटावर बसवायचा म्हणून वायरी मीच उपसल्या आणि मीच परत खोचल्या. गोल पिन, गोल भोक. एकसारखी तीन भोकं पाडणाऱ्याला कुणी काय बोलत नाही. हे मी तोंडावर कबूल केलं, माझं काय जातंय!

पिन बदलली आणि सिनेमा बोलायला लागला. मग आपली सीडी. थोरलीनं पेनाचं टोपण काढलं. आधी सनई वाजली. तू मुसळ उचललंस, तोंड उघडलंस, आणि आत कुणीतरी बाप्या सिनेमातलं प्रेमाचं गाणं म्हणतोय! पोरगा कपाळावर हात मारून म्हणाला, "व्हिडिओवाल्यानं खरा आवाज पुसून गाणी भरल्याती. आता काय केलं तरी निघायचा न्हाई." थोरली तर उसळलीच, "त्याचा मुडदा बशिवला! कुणी सांगितलं हुतं त्याला?" मी आत जाऊन निवडलेले तांदूळ परत निवडत बसले.

तो व्हिडिओवाला तेव्हा विचारायला आला होता गं, सिनेमाचं गाणं ऐकताच मला आठवलं. दारात उभा राहून म्हणाला, "काकू, बायकांचा आवाज ठिवू का सिनेमाची गाणी घालू?" व्याही साताऱ्याचे, शिकलेले. कॅसेट आधी त्यांच्या घरी बघायला जाणार. तुझा आवाज भसाडा, त्यात मधेच बायकांना शिव्या. मी म्हटलं, "सिनेमाचीच घाल." तू सोप्यात शेंगा फोडत होतीस, ऐकलंस. शेंगा फोडतच राहिलीस.

शनिवारी पहिल्या दोन ओळी कशाबशा म्हणीन, पुढं नुसतं कांडायचं. हा कागद उद्या पाण्याच्या बंबात जळून जाईल. थोरली अजून त्या व्हिडिओवाल्याचा उद्धार करतेय. मी तिला थांबवलं नाही. दोन शिव्या मीपण घातल्या.